फँटसी स्टार

फँटसी स्टार हा सेगा कंपनीचा रोल-प्लेइंग (म्हणजे पात्र होऊन गोष्ट खेळायची असा) व्हिडिओ गेम, जपानात २० डिसेंबर १९८७ ला आला, म्हणजे याच जातीच्या फायनल फँटसी या गेमच्या फक्त दोन दिवस नंतर. आपल्या इंदूरच्या मराठी पोरांना नव्वदीत टीव्ही गेम म्हटलं की मारिओ नि काँट्रा, त्यामुळे याच्याशी बऱ्याच जणांची गाठ पडली ती फार उशिरा, एम्युलेटरवर (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर).

हा बनवण्यामागचं कारण अगदी धंद्याचं. निन्टेन्डोच्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनवर) ड्रॅगन क्वेस्ट हा रोल-प्लेइंग गेम तुफान चाललेला आणि सेगाकडे त्या तोडीचं काहीच नाही. मग गेमची आखणी करणारे कोतारो हायाशिदा, चित्रांचं काम सांभाळणाऱ्या रिएको कोदामा, प्रोग्रॅमर युजी नाका (हेच पुढे सॉनिक गेमवाले) अशी टीम बसली आणि राजा-किल्ला-तलवार हे सगळ्यांचंच चाललंय तर आपण त्यात स्पेसशिप घालू असं ठरलं. कॅसेट ४ मेगाबिटची, म्हणजे ५१२ केबी, त्या काळी ही चैनच होती. आत बॅटरी, म्हणून गेम सेव्ह व्हायचा, लाइट गेली तरी सेव्ह केलेलं जागेवर. नाकांनी गुहांमधलं चालणं असं बसवलं की भिंती खरंच सरकत अंगावर येतात, आठ बिटच्या मशीनवर हे बघून आजही माणूस चाट पडतो.

जग म्हणजे अल्गोल तारा आणि त्याचे तीन ग्रह: हिरवा पाल्मा, वाळवंटी मोटाविया, बर्फाळ डेझोरिस. राजा लॅसिक बिघडलाय, त्याचे रोबोट शिपाई नेरोला मारतात आणि त्याची बहीण अ‍ॅलिस सूड घ्यायला निघते. १९८७ मध्ये हिरो म्हणून मुलगी, आणि तिला कोणी वाचवायला येत नाही, उलट तीच बाकीच्यांना गोळा करते. लॅकोनिया या धातूचं भांडं देऊन ती मोटावियाच्या एका व्यापाऱ्याकडून म्याऊ नावाचं बोलणारं मांजर सोडवते, त्या मांजराजवळच्या औषधाने मेडुसाने दगड केलेला ओडिन जिवंत होतो, आणि तो ओडिन मग लेझर गन चालवतो! मेडुसा नि लेझर एकाच कथेत, पण खेळताना खटकत नाही. चौथा नोआ, जादूवाला. पुढे म्याऊला लाएर्माचं फळ खाऊन पंख फुटतात आणि सगळे त्याच्यावर बसून लॅसिकच्या हवेतल्या किल्ल्यावर जातात.

माझ्या मते या जगाची खरी मजा ग्रहांपेक्षा अशा बारीक गोष्टींत आहे. मोटावियाच्या गव्हर्नरला गोड आवडतं, त्यासाठी लागणारा केक मिळतो कुठे, तर राक्षसांनी भरलेल्या गुहेच्या आत. रात्री सराफ्यात सोन्याच्या बंद दुकानांसमोर जिलबी खाणाऱ्या इंदूरकराला यात काही विचित्र वाटणार नाही.

दुसरा भाग १९८९ चा, गोष्ट हजार वर्षांनंतरची, मोटाविया मदर ब्रेन नावाच्या कॉम्प्युटरने हिरवागार केलेला आणि पाल्मा तर फुटूनच जातो. चौथ्या भागात, १९९३ मध्ये, अल्गोलची कथा संपते. फँटसी स्टार ऑनलाइन (२०००) वेगळ्याच जगातला.

आता खेळायचा असेल तर निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवरचं २०१८ चं व्हर्जन घ्या, त्यात गुहेचा नकाशा आपोआप बनतो. जुन्यात तो चौकटीच्या वहीत स्वतः काढावा लागतो, नाही काढला तर त्याच वळणावर पुन्हा पुन्हा येता.