परदेशातून ड्युअल मास फ्लायव्हील मागवताना: आधी चेसिस नंबर, मग ऑर्डर

गाडी बंद करताना खालून खडखड होते, मेकॅनिक म्हणतो, "ड्युअल मास गेलं," आणि परदेशातून सुटे भाग मागवून देणाऱ्या आम्हाला फोन येतो: किती दिवसांत येईल? दिवस सांगूच. पण आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो: ते खरंच गेलंय का?

साधं फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधलं एकसंध बिडाचं चाक. ड्युअल मासमध्ये दोन भाग असतात. एक क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) बोल्टने बसतो, दुसऱ्यावर क्लच बसतो आणि दोघांच्या मध्ये ग्रीसमध्ये लांब, कमानदार स्प्रिंगा असतात. इंजिनाचे झटके त्या स्प्रिंगा पचवतात, गिअरबॉक्सपर्यंत जाऊ देत नाहीत. जर्मनीतल्या लुक कंपनीने १९८५ मध्ये याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. आता झाक्स, व्हॅलिओ वगैरेही ते बनवतात.

दोन भाग हाताने एकमेकांवर थोडे फिरतात. तो दोष नव्हे, रचनाच तशी आहे. किती फिरावं आणि किती कलावं याच्या मर्यादा उत्पादक पार्ट नंबरनुसार देतो. मोजूनच निर्णय घ्या. इंजेक्टर नीट चालत नसला किंवा स्टार्टर दमला असला तरी आवाज जवळपास असाच येतो. मूळ दुखणं तसंच ठेवलं तर नवं फ्लायव्हीलही त्याच वाटेने जातं.

आता ऑर्डरबद्दल. नुसत्या मॉडेलच्या नावावर आम्ही ऑर्डर घेत नाही. सुरुवातीला घेत होतो. एकदा माल आला, जुन्याशेजारी ठेवला: व्यास तोच, रिंग गिअरचे (कडेच्या दातेरी कड्याचे) दात तेवढेच. क्लचचं कव्हर टेकवलं तर डॉवेल पिन (कव्हर नेमकं बसवणारी खुंटी) बोटभर बाजूला. त्याच वर्षी त्याच मॉडेलमध्ये गिअरबॉक्स बदलला होता. आणि हे किमान डोळ्यांना दिसलं तरी! स्प्रिंगांचा ताठरपणा इंजिनाप्रमाणे ठरवलेला असतो, तो बाहेरून दिसत नाही. चुकीचं फ्लायव्हील बिनबोभाट बसतं आणि आयडलिंगला गाडी थरथरू लागते.

म्हणून सतरा अंकाक्षरी चेसिस नंबर, इंजिन कोड आणि जुन्या फ्लायव्हीलवर कोरलेल्या नंबरचा स्वच्छ फोटो पाठवा. नंबर गंजाखाली असेल तर कापडाने पुसून पाहा, ग्राइंडर लावू नका. आम्ही तो उत्पादकाच्या कॅटलॉगशी ताडतो आणि उत्पादकाकडून लेखी होकार आल्यावरच पैसे मागतो. यात जाणारा वेळ वाया जात नाही: वस्तू वजनदार, भाडं वजनावर, त्यामुळे परत पाठवणं फार महाग पडतं.

"साधं, सॉलिड फ्लायव्हील बसवलं तर?" हेही विचारलं जातं. काही गाड्यांसाठी तसे संच मिळतात आणि स्वस्तही पडतात. पण झटके नाहीसे होत नाहीत, पुढे गिअरबॉक्सकडे सरकतात. ज्या गाडीला मुळात ड्युअल मास आहे, तिला आम्ही तेच सुचवतो.

खोका हातात आल्यावर सही करण्याआधी कोपरे बघा. दबलेला असेल तर उघडतानाचे फोटो काढा. उंचावरून पडलेलं फ्लायव्हील वरून धड दिसलं तरी बसवायचं नाही. क्लचचा पृष्ठभाग ब्रेक क्लीनर लावलेल्या कापडाने पुसा. अख्खं फ्लायव्हील सॉल्व्हंटमध्ये बुडवलं की आतल्या ग्रीसची वाट लागते. लेथवर घासायला तर अजिबात देऊ नका. क्रँकशाफ्टचे बोल्ट नवेच वापरा आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) उत्पादकाने दिलेलाच. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील गळतंय का, तेही तेव्हाच पाहून घ्या. त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायला कोणालाच आवडत नाही.

जुनं फ्लायव्हील भंगारात घालण्याची घाई नको. नव्याबद्दल तक्रार उद्भवली तर उत्पादक बसवल्याची तारीख, किलोमीटर आणि बऱ्याचदा जुन्या भागाचे फोटोही मागतो.