सौद्याला क्रमांक कोणी द्यायचा?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेल परदेशी जातात. ऑर्डर पक्की झाली की निर्यातदार बँकेकडे फॉरवर्ड बुक करू शकतो. डॉलर तीन महिन्यांनी येणार, पण त्याचा भाव आजच बांधून घ्यायचा. त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपतो. नियामकांच्या लेखी मात्र हा ओटीसी डेरिव्हेटिव्ह असतो. डेरिव्हेटिव्ह म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी भावावर बेतलेला सौदा, आणि ओटीसी म्हणजे तो एक्सचेंजबाहेर दोघांनी आपसात केलेला. शेअर घेतला तर कॉन्ट्रॅक्ट नोटवर ट्रेड क्रमांक छापून येतो. तो एक्सचेंजच्या यंत्रणेने दिलेला असल्याने त्यावर वाद होत नाही. फोनवर ठरलेल्या सौद्याला मात्र क्रमांक कोणी द्यायचा, या प्रश्नाने जगभरच्या नियामकांची जवळजवळ दहा वर्षं खाल्ली.

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिच्या पुस्तकात नऊ लाखांहून जास्त डेरिव्हेटिव्ह सौदे उघडे होते. कोणाचे कोणाकडे किती अडकले आहेत, हे एका ठिकाणी पाहायची सोय कुठेच नव्हती. सप्टेंबर २००९ मध्ये पिट्सबर्गला जी-२० देशांच्या नेत्यांनी ठरवलं की असे सगळे सौदे ट्रेड रिपॉझिटरीकडे, म्हणजे मध्यवर्ती नोंदणी संस्थेकडे कळवायचे.

भारताची वाट थोडी निराळी होती. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँक रिसीटा, म्हणजे रोख्यांऐवजी बँकांनी दिलेल्या पावत्या, या हातातून त्या हातात फिरल्या. त्यामागे रोखे खरोखर आहेत का, हे हाताने लिहिलेल्या खातेवह्यांतून वेळेवर कळत नव्हतं. पुढच्या सुधारणांत २००१ साली क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे सीसीआयएल, ही सौदे मध्यस्थ म्हणून पुरे करून देणारी संस्था उभी राहिली. रुपयातल्या व्याजदर स्वॅपची, म्हणजे दोघांनी आपापली व्याजाची देणी अदलाबदल करण्याच्या सौद्याची, नोंद तिच्याकडे ऑगस्ट २००७ पासूनच सुरू झाली होती. लेहमन बुडायच्या वर्षभर आधी! याबद्दल रिझर्व्ह बँकेची पाठ फारशी कोणी थोपटलेली दिसत नाही. परकीय चलनाचे सौदे २०१२ पासून टप्प्याटप्प्याने या नोंदीत आले.

अमेरिकेने जुलै २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याखाली स्वॅपसाठी स्वतःचा क्रमांक काढला आणि कळवण्याची जबाबदारी एकाच बाजूवर टाकली. युरोपने मात्र दोन्ही बाजूंना कळवायला लावलं. तिथे १२ फेब्रुवारी २०१४ ला नोंद सुरू झाली आणि घोळही त्याच दिवशी सुरू झाला. कायद्याने क्रमांक मागितला होता, पण तो बनवायचा कोणी हे पक्कं झालेलं नव्हतं. एका बाजूने आपल्या सिस्टीममधला क्रमांक टाकला, दुसऱ्या बाजूने आपल्या. सौदा एक, क्रमांक दोन. त्यात रिपॉझिटरीही अनेक. जोड्या जुळेनात. ज्या सौद्याची जोडी जुळत नाही तो बेरजेत दोनदा धरला जातो, मग बाजारात एकूण जोखीम किती हे सांगायचं कशाच्या भरवशावर? न्यूयॉर्कच्या बँकेने लंडनच्या बँकेशी केलेला सौदा तर दोन वेगळ्या नियमांखाली दोन वेगळ्या नावांनी नांदत होता.

तोडगा निघायला आधी दुसरी एक गोष्ट व्हावी लागली. २०१२ मध्ये संस्थांसाठी वीस अक्षरांचा एलईआय हा ओळख क्रमांक प्रमाणित झाला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये सीपीएमआय आणि आयोस्को या आंतरराष्ट्रीय नियामक मंडळांनी त्याच्याच आधारावर सौद्याच्या क्रमांकाची, यूटीआयची (युनिक ट्रान्झॅक्शन आयडेंटिफायर), रचना सांगितली. पहिली वीस अक्षरं क्रमांक बनवणाऱ्या संस्थेच्या एलईआयची, पुढे जास्तीत जास्त बत्तीस अक्षरं-अंक त्या संस्थेच्या मर्जीचे. एकूण बावन्न. संस्थेने स्वतःचा क्रमांक पुन्हा वापरला नाही की झालं, जगभरात तो एकमेव ठरतो. क्रमांक वाटणारं मध्यवर्ती कार्यालय लागतच नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी अक्कल इथे आहे.

आपल्याकडे पेमेंट केलं की ‘यूटीआर पाठवा’ म्हणतात, तो पैसे गेल्याचा क्रमांक. यूटीआय सौदा ठरल्याचा असतो आणि सौदा जिवंत असेपर्यंत तोच राहतो. अटी बदलल्या तरी क्रमांक बदलत नाही, समोरचा पक्ष बदलला तर नवा लागतो.

तरीही ‘बनवायचा कोणी’ हे उरतंच. त्यासाठी उतरंड ठरली. सौदा सीसीआयएलसारख्या क्लिअरिंग संस्थेकडे गेला असेल तर ती, नाही तर ज्या इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्मवर झाला तो, पुढे दोन पक्षांत जे ठरलं असेल त्याप्रमाणे. काहीच लागू पडलं नाही तर दोघांचे एलईआय उलटे वाचायचे आणि अनुक्रमात जो आधी येईल त्याने क्रमांक द्यायचा. उलटे वाचणं गमतीचं वाटतं, पण एलईआयची पहिली चार अक्षरं तो देणाऱ्या संस्थेची असतात, म्हणून सरळ वाचले तर एका कार्यालयाच्या सगळ्या ग्राहकांवर कायम तेच काम पडलं असतं.

२०२० मध्ये यूटीआयसाठी आयएसओ २३८९७ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं. अमेरिकेत नवे नियम ५ डिसेंबर २०२२ ला लागू झाले, युरोपीय संघात २९ एप्रिल २०२४ ला, सिंगापूर आणि ऑस्ट्रेलियात त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला. युरोपात बनवलेला क्रमांक समोरच्याला सौद्यानंतरच्या लगेचच्या कामकाजाच्या दिवशी जागतिक वेळेनुसार सकाळी दहापर्यंत, म्हणजे आपल्या घड्याळात दुपारी साडेतीनपर्यंत, कळवावा लागतो.

सोलापूरच्या निर्यातदाराला यातलं काही स्वतः करावं लागत नाही, नोंदीची बाजू बँक सांभाळते. त्याच्या वाट्याला येतो तो एलईआय. ओटीसी डेरिव्हेटिव्हमध्ये उतरणाऱ्या व्यक्तींखेरीज इतर सगळ्यांना रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून टप्प्याटप्प्याने तो सक्तीचा केला. भारतात तो सीसीआयएलचीच उपकंपनी देते आणि दरवर्षी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. डॉलर चढा असताना घाईने फॉरवर्ड बुक करायला जायचं असेल, तर ती तारीख आधी बघून ठेवलेली बरी.