‘कमी जोखीम’ नेमकी कुणाची?

२३ ऑगस्ट २०११ रोजी दुपारी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील लुइसा काउंटीत, मिनरल नावाच्या लहानशा गावाजवळ, ५.८ महत्तेचा भूकंप झाला. काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग; रचनेने जिल्ह्यासारखा, पण ग्रामीण भागात लोकसंख्येने जिल्ह्याहून कितीतरी लहान. लुइसा हा शेतांचा, जंगलांचा आणि विरळ वस्तीचा मुलूख आहे, आणि भूकंप म्हटला की अमेरिकी माणसाला कॅलिफोर्निया आठवतो, व्हर्जिनिया नव्हे. तरीही त्या दिवशी काउंटीच्या हायस्कूलची इमारत इतकी खिळखिळी झाली की शाळा नव्याने बांधावी लागली, जवळच्या नॉर्थ ॲना अणुवीज केंद्राच्या दोन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या आणि सव्वाशे किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या वॉशिंग्टन स्मारकाच्या दगडांना तडे गेले. पूर्व अमेरिकेतला खडक जुना, थंड आणि पश्चिमेच्या मानाने कमी भंगलेला असल्यामुळे भूकंपलहरींची ऊर्जा वाटेत फारशी जिरत नाही. म्हणून मध्यम ताकदीचा धक्काही तेथे फार दूरवर जाणवतो.

मग हा भाग भूकंपाच्या दृष्टीने कमी जोखमीचा आहे, हे म्हणणे चुकले होते काय? माझ्या मते नाही. असा धक्का तेथे क्वचितच बसतो, हे खरेच आहे. मात्र ‘कमी जोखीम’ हे ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न त्या काउंटीतल्या एखाद्या कुटुंबाने विचारलेला नसतो, आणि घोटाळा होतो तो तेथे.

अमेरिकेची संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्था, म्हणजे ‘फेमा’, हिने राष्ट्रीय जोखीम निर्देशांक तयार केला आहे. भूकंप, पूर, चक्रीवादळ, टोर्नाडो (वाऱ्याचा विध्वंसक भोवरा), गारपीट, वणवा, उष्णतेची लाट, हिमवादळ अशा १८ नैसर्गिक धोक्यांचा त्यात विचार केलेला असून देशातल्या तीन हजारांहून अधिक काउंट्यांना त्यानुसार गुण दिले जातात. प्रत्येक धोक्यासाठी तीन गोष्टींचा गुणाकार केला जातो: त्याच्या तडाख्यात येऊ शकणारी माणसे, इमारती आणि पिके यांचे एकूण मोल, तो धोका वर्षाला सरासरी किती वेळा उद्भवतो, आणि उद्भवल्यास त्या मोलाचा कितवा हिस्सा नष्ट होतो. यातून वर्षाचे अपेक्षित नुकसान डॉलरमध्ये निघते. माणसाच्या जिवालाही या हिशेबात किंमत लावावी लागते. २०२३ च्या आवृत्तीत ती १ कोटी १६ लाख डॉलर धरली होती. पुढे त्या आकड्याला सामाजिक दुर्बलतेची आणि समाजाच्या सावरण्याच्या क्षमतेची जोड दिली जाते.

या गुणाकारातली पहिली संख्या नीट पाहिली पाहिजे. सारख्याच आकाराच्या दोन काउंट्यांची कल्पना करू. दोन्हींमध्ये टोर्नाडो सारख्याच वारंवारतेने येतात, पण एकीत १० लाख माणसे राहतात आणि दुसरीत ८ हजार. आकाशात काहीच फरक नसताना दुसरीचे अपेक्षित नुकसान पहिलीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास येईल आणि नकाशावर तिला जवळजवळ निर्धोक असा रंग मिळेल. त्या ८ हजारांपैकी एकाच्या घरावर टोर्नाडो येण्याची शक्यता मात्र शहरातल्या घराइतकीच राहील. शिवाय हे गुण सापेक्ष असतात: काउंट्यांना एकमेकींच्या तुलनेत क्रम लावलेला असतो, त्यामुळे ‘अत्यंत कमी’ याचा अर्थ ‘इतरांपेक्षा कमी’ एवढाच. केंद्राचा निधी कोठे पाठवावा हे ठरवण्यासाठी असा निर्देशांक उपयोगाचा आहे. तळघरात पाणी साठवावे की नाही, याबद्दल तो जवळपास काहीच सांगत नाही.

काळाच्या बाबतीतही अशीच गफलत होते. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांनी फार नुकसान केले आहे, असे मला वाटते. त्याचा खरा अर्थ कोणत्याही एका वर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर, असा आहे. त्या पूररेषेच्या आत घर असेल आणि अमेरिकेत सर्रास असते तसे गृहकर्ज ३० वर्षांचे असेल, तर कर्ज फिटेपर्यंत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. अठरा धोक्यांपैकी प्रत्येक जण दुर्मीळ असला, तरी एका आयुष्यात त्यांतला एकही वाट्याला न येणे ही तितकी सहज गोष्ट राहत नाही.

अठरा धोक्यांसाठी अठरा तयाऱ्या कराव्या लागत नाहीत, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब आहे. धोके वेगवेगळे असले तरी घरापर्यंत पोहोचताना ते बहुधा एकाच वाटेने येतात: वीज जाते. १० ऑगस्ट २०२० रोजी ‘डेरेचो’ प्रकारचे, म्हणजे सरळ रेषेत शेकडो किलोमीटर धावणारे वादळ आयोवा राज्यावरून गेले. शहरांबरोबर मक्याची विस्तीर्ण शेतेही आडवी झाली आणि काही भागांत वीज परतायला दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागला. ग्रामीण वीजवाहिन्यांवर दर किलोमीटरला मोजकीच घरे असतात, तर दुरुस्तीची पथके एका कामात जास्तीत जास्त ग्राहकांची वीज सुरू होईल असा क्रम लावतात. क्रम योग्यच आहे, पण रस्त्याच्या टोकाला असलेल्या घराचा नंबर त्यात शेवटी लागतो. जोखीम कमी असलेल्या भागात अंधार मात्र लांबू शकतो तो यामुळे.

वीज गेली की खेड्यातल्या अनेक घरांचे पाणीही जाते. अमेरिकेत सुमारे ४ कोटी लोक खासगी विहिरींच्या किंवा कूपनलिकांच्या पाण्यावर अवलंबून आहेत, आणि पाण्यात सोडलेला पंप विजेशिवाय निरुपयोगी असतो. म्हणून तेथील सरकारी सूचनेत माणशी दररोज १ गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर, इतके पाणी किमान तीन दिवसांसाठी आणि जमल्यास दोन आठवड्यांसाठी साठवावे, असे सांगितलेले असते. चौघांच्या कुटुंबाला दोन आठवड्यांसाठी हे २०० लिटरच्या थोडे वर जाते. त्यात जनावरांचे आणि शौचालयाचे पाणी धरलेले नाही. पुराचे पाणी विहिरीच्या तोंडावरून गेले असेल, तर वीज आल्यावरही ते पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये. एक मिनिट खळखळून उकळल्याने जंतू मरतात. समुद्रसपाटीपासून साधारण २,००० मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळत असल्याने तेथे तीन मिनिटे लागतात. मात्र पाण्यात मिसळलेले डिझेल किंवा कीटकनाशक उकळून जात नाही.

अन्नाची चिंता त्या मानाने कमी असते. दार उघडले नाही तर फ्रिज सुमारे ४ तास आणि पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास गारवा टिकवतो. इन्सुलिन घेणारा किंवा ऑक्सिजनचे यंत्र लागणारा माणूस घरात असेल, तर हे तास आधीच मोजून ठेवावे लागतात.

तयारीच्या याद्यांमध्ये दोरखंड, शिट्ट्या आणि बहुउपयोगी चाकू यांना मिळणारे महत्त्व मला जरा विनोदी वाटते, कारण वीज गेल्यानंतरचा एक मोठा मारेकरी बहुधा घरच्यांनीच आणलेला असतो. पेट्रोलवर चालणारे जनित्र, कोळशाची शेगडी किंवा बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली मोटार यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. या वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीच्या लाटेत लाखो घरांची वीज गेली, तेव्हा ऊब मिळवण्याच्या धडपडीत असे बळी गेले. जनित्र घरापासून किमान २० फूट दूर, धूर खिडक्यादारांच्या विरुद्ध दिशेला जाईल असे ठेवावे. गॅरेजचे दार उघडे ठेवून भागत नाही. त्यासोबत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा गजर असेल, तर साऱ्या सामानात त्याच्याइतकी उपयोगी वस्तू क्वचितच दुसरी सापडेल.

इशारा मिळवण्यासाठी एकट्या मोबाइलवर विसंबू नये, कारण दुर्गम भागात मनोरेही विजेवरच चालतात. अमेरिकेच्या हवामान खात्याचे रेडिओ प्रसारण १,००० हून अधिक केंद्रांवरून अहोरात्र चालू असते आणि त्यासाठीचा बॅटरीवर चालणारा खास संच ते पकडतो; नेहमीचा रेडिओ नव्हे.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलीन’ चक्रीवादळाने या सगळ्याची एकत्र परीक्षा घेतली. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम डोंगरांत, यान्सी काउंटीतल्या ब्युसिक येथे मोजक्या दिवसांत ३० इंचांहून अधिक पाऊस पडला. जवळचे ॲशव्हिल शहर तोवर हवामानबदलापासून सुरक्षित आसरा म्हणून ओळखले जाई; तेथे नळाला पुन्हा पिण्याजोगे पाणी यायला ५३ दिवस लागले. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पुराची भरपाई नसते. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते, आणि राष्ट्रीय पूरविमा योजनेची पॉलिसी घेतल्यावर ती साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, तर वादळाचा अंदाज जेमतेम आठवडाभर आधी येतो. बँका पूरविम्याची सक्ती करतात ती बहुतांशी नकाशावर अधिक जोखमीच्या ठरवलेल्या क्षेत्रातच; त्या डोंगरांतली बहुसंख्य घरे अशा क्षेत्राबाहेर होती, आणि पाणी शिरले तेव्हा त्यांपैकी फारच थोड्यांकडे पूरविमा होता.