‘कन्स्ट्रक्टर’ म्हणायचे कोणाला? : उघड्या चाकांच्या शर्यतगाड्यांमागचा जुना वाद

तळेगाव दशासरच्या शंकरपटात भोंग्यावरून पुकारा होतो तो जोडीच्या मालकाचा आणि त्याच्या गावाचा. धुरकऱ्याला शाबासकी मिळते, पण छकडीचे वजन कमी करण्यासाठी लाकूड तासतासून तोलणाऱ्या सुताराचे नाव कोणी घेत नाही. फॉर्म्युला वनमध्ये मात्र 1958 पासून गाडी घडवणाऱ्यासाठी स्वतंत्र विजेतेपद आहे, आणि ‘कन्स्ट्रक्टर’ या शब्दाचा गुंता तेथूनच सुरू होतो.

त्याच वर्षी अर्जेंटिनातील शर्यत एका खासगी संघाने जिंकली. गाडी मात्र कूपरची, इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेली होती, म्हणून निर्मात्यांचे गुण कूपरच्या खाती जमा झाले. विकत घेतलेल्या गाडीने शर्यत जिंकणे तेव्हा कमीपणाचे मानले जात नसे. 1970 मध्येही मार्च या नव्या ब्रिटिश कंपनीची गाडी घेऊन एका ग्राहक संघाने स्पेनची शर्यत जिंकली. पुढे संघ आणि नियामक संस्था यांच्यातील 1981 च्या करारानंतर प्रत्येक संघाने आपली चॅसिस, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, आपणच तयार करावी, हा दंडक झाला.

खरी ठिणगी पडली ती 2007-08 मध्ये. दुसऱ्याची चॅसिस घेऊन उतरू पाहणाऱ्या एका नव्या संघाला 2008 साठी प्रवेश मिळाला होता. परंतु स्वतः गाड्या घडवणाऱ्या जुन्या संघांनी, बक्षिसाच्या रकमेत असा वाटेकरी नको म्हणून, कायदेशीर आव्हानाची भाषा केली आणि तो बेत बारगळला. गंमत अशी की, त्याच 2008 च्या सप्टेंबरात मोंझाच्या पावसात टोरो रोसोने शर्यत जिंकली, आणि त्या गाडीचे आरेखन मोठ्या भावंडाच्या, म्हणजे रेड बुलच्या, तंत्रविभागातून आलेले होते. धाकट्याने थोरल्याला मागे टाकल्यावर नियमाची आठवण अधिकच तीव्र झाली, असे म्हणायला जागा आहे. 2010 पासून टोरो रोसोला स्वतःची गाडी आखावी लागली.

आजचा अर्थ हातोड्यापेक्षा आराखड्याला महत्त्व देतो. 2016 मध्ये आलेल्या हासची चॅसिस इटलीतील डल्लारा कंपनी बनवते, बरेच सुटे भाग फेरारीकडून येतात, तरीही नियमाने ठरवलेल्या भागांचे आरेखन हासच्या मालकीचे असल्याने कन्स्ट्रक्टर हासच ठरतो. 2020 मध्ये रेसिंग पॉइंटने मागच्या ब्रेकच्या हवानळ्यांसाठी मर्सिडीजच्या आरेखनाचा आधार घेतल्याचे ठरले, तेव्हा 15 गुण कापले गेले आणि 4 लाख युरोंचा दंड बसला. नळ्या कोणत्या कारखान्यात बनल्या यावर नव्हे, त्या कोणी आखल्या यावर हा निकाल लागला.

अमेरिकेतील इंडीकार या शर्यतमालिकेत हा प्रश्नच उरलेला नाही, कारण तेथे सर्व संघ डल्लाराचीच चॅसिस वापरतात. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या फॉर्म्युला स्पर्धांत मात्र तो पुन्हा पुढे येतो: विदर्भातल्या एखाद्या चमूने पाइप गावच्या ग्रीलवाल्याकडून जोडून आणले, तरी परीक्षक प्रत्येक जोडाचे कारण विद्यार्थ्यांनाच विचारतात.