वासाला अर्थ देणारी पेशी

रातराणीच्या वासाला साप येतो म्हणून अंगणातलं बहरलेलं झाड तोडणारी माणसं आजही भेटतात. साप येतो तो बेडूक-उंदरांच्या मागावर. फुलाच्या सुगंधाशी त्याला काही देणंघेणं नाही. रातराणी दरवळते ती पतंगांसाठी.

याहून खोल रुजलेला समज म्हणजे, फुलाचा वास गोड असतो म्हणून मधमाशी आपोआप ओढली जाते. खरं तर बहुतेक फुलांच्या वासाचा अर्थ माशीला शिकावा लागतो. ते शिकणं कसं घडतं, हे मला कीटकविज्ञानातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं.

माशीच्या एकेका मिशीवर वास टिपणाऱ्या सुमारे 60,000 चेतापेशी असतात. गंधाचे रेणू बारीक छिद्रांतून आत शिरतात, गंध पकडणाऱ्या ग्राहक प्रथिनांना चिकटतात आणि विजेचे स्पंद मेंदूकडे निघतात. तिथे पहिल्याच टप्प्यावर सुमारे 160 गोलसर गाठी आहेत. एका प्रकारच्या ग्राहकाचे निरोप साधारण एकाच गाठीत पोचतात. प्रत्येक गंध यातल्या काही गाठी कमीजास्त जागवतो, पेटीवर एकदम अनेक पट्ट्या दाबाव्यात तसा. लिनालूल या फुलांतल्या गंधद्रव्याचा मेळ वेगळा, जिरॅनिऑल या दुसऱ्या गंधद्रव्याचा वेगळा.

पण अमुक मेळ म्हणजे खाऊ, हे ठरवतं कोण? मिशीला साखरपाणी लागलं की भुकेली माशी सोंड बाहेर काढते. आधी वास आणि लगेच साखर असं दोन-तीनदा केलं, की नुसत्या वासानेही सोंड बाहेर येते. मार्टिन हॅमर या जर्मन शास्त्रज्ञाने 1993 मध्ये साखरेने चेतवली जाणारी एकच पेशी हेरली. तिच्या फांद्या त्या गंधगाठींत आणि मेंदूच्या स्मृती साठवणाऱ्या भागातही पसरलेल्या असतात. त्याने माशीला वास दिला, साखर दिलीच नाही. फक्त सूक्ष्म इलेक्ट्रोडने ती पेशी चेतवली. साखरेचा कणही न चाखता माशी तो वास शिकली! क्रम उलटवला, आधी पेशी आणि मग वास, तर शिकली नाही. पुढे 1998 मध्ये या पेशीचं रसायन, ऑक्टोपामाइन, मेंदूच्या त्याच भागांत थेट टोचूनही वास शिकवता आला.

आपल्याकडे डाळिंबाच्या बागेत माश्या याव्यात म्हणून गुळाचं पाणी फवारतात. पानावरच गोड मिळालं तर माशीने फुलाचा वास कशाला शिकावा? अर्जेंटिनात वॉल्टर फरिना या शास्त्रज्ञाच्या गटाने सूर्यफुलासारखा गंध मिसळलेला साखरपाक थेट मधपेटीत ठेवला. माश्या एकमेकींना तोंडाने पाक भरवतात, त्यामुळे वासाची ओळखही पेटीभर पसरली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सूर्यफुलाचं उत्पादन 29 ते 57 टक्के वाढलं. आपल्या कांदा बीजोत्पादकांसाठी कांद्याच्या फुलाच्या गंधावर असा प्रयोग व्हायला हवा.