खरा वेग किती? बर्फ कापणाऱ्या फळीची ऑर्डर देताना

स्नोबोर्ड म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो ढगळ कपड्यांतला, हवेत गिरक्या घेणारा तरुण. पण या खेळाची एक जुनी शाखा आहे, तिच्यात कुणी उडत नाही. उलट फळी बर्फाला जितकी घट्ट धरून राहील तितकं बरं. हे अल्पाइन कार्व्हिंग. फळी लांब, अरुंद आणि ताठ. पायात स्कीइंगसारखे कडक प्लास्टिकचे बूट, आणि दोन्ही पावलं जवळजवळ पुढे तोंड करून. फळी तिच्या पोलादी कडेवर उभी करायची आणि त्या कडेने उतारावर एकामागून एक वळणं कोरत खाली जायचं. झुकाव इतका की वळणाच्या पोटात स्वाराचा हात, कधी कधी कंबरसुद्धा बर्फाला टेकते.

१९९८ साली नागानो ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा जायंट स्लालम, म्हणजे रोवलेल्या खुणांभोवती वळणं घेत खाली उतरण्याची शर्यत, त्यात होती. ती आजही समांतर स्वरूपात, म्हणजे दोन स्वार शेजारी-शेजारी उतरतात तशी, टिकून आहे. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने २०१८ साली प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये आधी स्कीवर सुपर-जी ही वेगाची शर्यत जिंकली, तीही एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने, आणि आठवडाभरात अल्पाइन बोर्डवरही सुवर्ण घेतलं. एवढं होऊनही दुकानात असा बोर्ड सहसा मिळत नाही. गिऱ्हाईक थोडं, म्हणून मोठ्या कंपन्यांनी हळूहळू अंग काढून घेतलं आणि हा धंदा छोट्या कारखान्यांकडे आला: कोलोरॅडोतलं डोनेक, कॅनडातलं कॉइलर, स्वित्झर्लंडचं केसलर, ऑस्ट्रियाचं एसजी. यातल्या काही ठिकाणी बोर्ड तुमच्यासाठी बनतो. तुम्ही माहिती पाठवायची: वजन, बुटाचं माप, कुठल्या डोंगरावर जाता, किती वेगाने जाता.

प्रश्न साधे वाटतात, पण प्रत्येकामागे पदार्थविज्ञान उभं आहे. आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक लोक चुकीचं देतात असं माझं मत आहे.

बोर्ड वरून पाहिला तर मधे कंबर बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद दिसतो. कडेचा हा आतला बाक एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. त्याला साइडकट म्हणतात आणि त्या वर्तुळाच्या त्रिज्येला साइडकटची त्रिज्या. अल्पाइन बोर्डात ती साधारण ९ ते २० मीटरच्या दरम्यान असते, शर्यतीच्या मोठ्या बोर्डात त्याहूनही जास्त. हा बाक डोळ्याला जेमतेम जाणवतो. दीड मीटर लांबीच्या कडेवर ११ मीटर त्रिज्या हवी असेल तर कंबर दोन्ही बाजूंनी साडेपंचवीस मिलिमीटर आत घ्यावी लागते. त्रिज्या १२ मीटर केली तर साडेतेवीस. म्हणजे एक मीटरचा फरक हा कारखान्यात दोन मिलिमीटरचा फरक असतो. या फळ्या संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर कापतात ते उगाच नव्हे.

आता हा बोर्ड कडेवर तिरका करा. सपाट कडक बर्फावर आधी फक्त दोन टोकं टेकतात, कंबर अधांतरी राहते. स्वाराच्या भाराने बोर्ड वाकतो आणि कंबरही बर्फाला भिडते. अशी पूर्ण टेकलेली कड बर्फात जी कमान उमटवते, तिची त्रिज्या साइडकटपेक्षा लहान असते. साइडकटच्या त्रिज्येला झुकावाच्या कोनाच्या कोसाइनने गुणलं की ती मिळते. ६० अंशांचा कोसाइन अर्धा, त्यामुळे ११ मीटरचा बोर्ड ६० अंशांत झुकवला की वळण साडेपाच मीटर त्रिज्येचं होतं. यात फळी घसटत, बर्फ खरवडत जात नाही. कडेचा पुढचा बिंदू जिथून गेला तिथूनच मागचा प्रत्येक बिंदू जातो आणि मागे एक बारीक, स्वच्छ खाच उरते.

पण किती झुकायचं हे स्वाराच्या मर्जीवर नसतं. वरंधा घाटातल्या वळणावर बाइक जितक्या वेगात, तितकी ती आत पाडावी लागते. कमी वेगात तेवढी पाडली तर आडवीच होईल. इथेही तोच तोल आहे. तो आणि वरचं कोसाइनचं गणित एकत्र केलं की एक फार देखणा संबंध हाती येतो: वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरण, साइडकटची त्रिज्या आणि झुकावाच्या कोनाचा साइन या तिघांचा गुणाकार.

या संबंधात स्वाराचं वजन कुठेच नाही. आणि साइन कधीच एकाच्या वर जात नाही, त्यामुळे प्रत्येक त्रिज्येला वेगाची एक कमाल मर्यादा आपोआप चिकटते. ११ मीटरच्या बोर्डासाठी ती ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास येते, २० मीटरसाठी ताशी ५०. त्यापुढे शुद्ध कार्व्हिंग या गणितात बसत नाही. प्रत्यक्षात गणित इतकं कोरडं नसतं. उतार असतो, कड बर्फात रुतते, स्वार कंबरेत आणि गुडघ्यात मोडून बोर्डाचा कोन शरीराच्या कोनापेक्षा वेगळा ठेवतो. म्हणून आकडे थोडे सरकतात. दिशा मात्र बदलत नाही.

आता वेगाबद्दलचा तो प्रश्न घ्या. समजा तुम्ही वळणात खरोखर ताशी ३५ किलोमीटरने जाता. ११ मीटरच्या बोर्डावर तोल साधतो तो ६० अंशांवर, आणि तेव्हा पायांवर वजनाच्या दुप्पट भार येतो: ७० किलोच्या माणसाला १४० किलो पेलल्याची जाणीव होते. ज्यासाठी लोक या खेळाच्या नादी लागतात ती हीच. पण आपण शर्यतपटूसारखे जातो अशा समजुतीत तुम्ही २० मीटरचा बोर्ड मागवलात, तर त्याच वेगाला तोल येतो अवघ्या २९ अंशांवर. वळणाची त्रिज्या साडेसतरा मीटर, म्हणजे अर्धवर्तुळाला उतारावर ३५ मीटर रुंदी लागणार. रविवारच्या गर्दीत ती कुठून आणायची? पैसे दिले, महिनोन्‌महिने वाट पाहिली, आणि हाती आला तो तुमच्या वेगाला झुकायलाच तयार नसलेला बोर्ड. त्यात बोर्डाचा काही दोष नाही.

वजनाचा संबंध येतो तो ताठरपणाशी. ६० अंशांच्या झुकावात आपला ११ मीटरचा बोर्ड मधोमध जवळजवळ साडेचार सेंटिमीटर वाकायला हवा, तरच कड सलग टेकेल. ९० किलोच्या माणसासाठी बनवलेला बोर्ड ६० किलोच्या स्वाराला तितका वाकवता येत नाही. भार टोकांवर राहतो आणि कंबर नीट धरत नाही. उलट केलं तर मधला भाग जास्त दबतो, टोकं सैल पडतात आणि शेपूट सुटते. ताठरपणा जमवायचा मुख्य मार्ग म्हणजे लाकडी गाभ्याची जाडी. एकजिनसी पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. इथे गाभ्याच्या वर-खाली काचतंतूंचे थर असल्याने हिशेब वर्ग आणि घन यांच्यामध्ये कुठेतरी बसतो. ७ मिलिमीटरचा गाभा साडेसात केला तर ताठरपणा १५ ते २३ टक्के वाढतो. अर्धा मिलिमीटर! म्हणून वजन सांगताना पाच-सात किलो चोरू नयेत. आणि वजन सांगायचं ते बूट, हेल्मेट, जाड कपडे यांच्यासकटचं.

बुटाच्या मापाने कंबरेची रुंदी ठरते. नेहमीच्या बोर्डावर पावलं जवळजवळ आडवी असतात आणि कंबर २५ सेंटिमीटरच्या आसपास. ३१ सेंटिमीटरचा बूट १५ अंशांवर बसवला तर तो फळीवर आडवी ३० सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच सेंटिमीटर बाहेर. बोर्ड खूप झुकला की हा बाहेर आलेला चवडा बर्फाला लागतो, कड उचलली जाते आणि स्वार जागच्या जागी आपटतो. अल्पाइनमध्ये पावलं ६० अंशांच्या आसपास वळवतात, त्यामुळे १८ ते २१ सेंटिमीटरची कंबर पुरते. अरुंद फळी एका कडेवरून दुसरीवर लवकर लोळते हा दुसरा फायदा. फार अरुंद मागितली तर बूट अजून पुढे वळवावे लागतात आणि गुडघ्यांना ते मानवत नाही. इथे हौसेपेक्षा मोजपट्टीचं ऐकलेलं बरं.

गेल्या वीसेक वर्षांत या फळ्यांची चाल बदलली ती टायटॅनल नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पातळ पत्र्याने. जस्त, मॅग्नेशियम, तांबं यांनी तो मजबूत केलेला असतो. गाभ्याच्या वर आणि खाली असा एकेक पत्रा, त्याला लागून रबराचा पातळ थर, बाकी काचतंतू आणि इपॉक्सी, सगळं दाबयंत्रात उष्णतेखाली एकजीव केलेलं. पत्र्यामुळे बोर्ड लांबीत मऊ ठेवूनही पिळवटण्याला कणखर राहतो, आणि खडबडीत बर्फावर कड थरथरून सुटण्याचं प्रमाण घटतं. किंमतही मोजावी लागते. काचतंतूची फळी जोरात वाकून पुन्हा सरळ होते. धातूची, एखाद्या वाईट धडकेत, कायमची वाकते. सतत झाडांच्या कडेने आणि टेंगळांवरून जाणाऱ्याने धातूचा हट्ट का धरावा हे मला समजत नाही.

साइडकटही आता बहुधा एकाच त्रिज्येचा नसतो. पुढच्या टोकाला एक, मधे दुसरी, मागे तिसरी, आणि त्यांच्यामध्ये हळूहळू बदल; काही जण रेल्वेरुळांच्या वळणावर वापरतात तसा क्रमाने वाकत जाणारा वक्र घेतात. जाहिरातीत यावर बरंच बोललं जातं. पहिल्यांदा बोर्ड बनवून घेणाऱ्याने ते बनवणाऱ्यावर सोडावं.

या सगळ्याआधी बोर्ड चालवून पाहायला हवेत, आणि खरी फसगत तिथेच होते. अमेरिकेत, युरोपात कार्व्हिंगवाल्यांचे मेळावे भरतात. कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला तर ते अनेक वर्षं भरत. बनवणारे गाडीभर बोर्ड घेऊन येतात, लोक एकमेकांचेही बोर्ड पायाला लावतात. एका दिवसात तुम्ही भराभर बोर्ड बदलता आणि संध्याकाळी सांगता की तो निळा सर्वांत चांगला होता. पण निळा तुम्ही सकाळी चालवला होता. तेव्हा यंत्राने नुकताच चोपलेला बर्फ थंड, घट्ट होता. पिवळा दुपारी, बर्फ मऊ पडून ढिगारे झाल्यावर. शिवाय मेळाव्यातल्या बोर्डाची कड आदल्या रात्री घासलेली असते आणि तुमच्या घरच्या बोर्डाची तीन आठवड्यांपूर्वी. आवडलेली गोष्ट नवा बोर्ड होती की नवी धार?

यावर उपाय प्रयोगशाळेतलाच: एका वेळी एकच गोष्ट बदला. उतार तोच, बूट तेच, बाइंडिंगचे (बूट फळीला जखडणाऱ्या पकडींचे) कोन तेच. दोन बोर्ड निवडले तर पहिला, दुसरा आणि पुन्हा पहिला असा क्रम ठेवा, म्हणजे मधल्या काळात बर्फ किती बदलला ते कळेल. बाइंडिंग साइडकटच्या मध्याच्या मानाने कुठे बसलंय ते तपासा, कारण दोन सेंटिमीटर मागे गेलं तरी तोच बोर्ड परका वाटतो. पहिल्या फेरीवर मत बनवू नका. आणि शक्य असेल तर त्रिज्येचा आकडा आधी वाचू नका. आकडा वाचला की पाय तसंच जाणवून घेतात.

राहिला वेग. फोनवरचं ॲप दाखवतं तो दिवसातला सर्वाधिक वेग, आणि तो बहुधा डोंगरावर परत नेणाऱ्या लिफ्टकडे सरळ सुटलात तेव्हाचा असतो, वळणातला नव्हे. त्यापेक्षा बर्फातली खाच खरं सांगते. गर्दी नसताना, वर कुणाला तरी लक्ष ठेवायला उभं करून, तुमच्या स्वच्छ वळणाच्या सर्वांत वाकड्या भागावर चार मीटर दोरी ताणून धरा, दोन्ही टोकं खाचेवर. मधोमध दोरीपासून खाच किती दूर आहे ते मोजा. दोरीच्या लांबीचा वर्ग, भागिले त्या अंतराची आठपट, म्हणजे वळणाची त्रिज्या. समजा अंतर साडेतेवीस सेंटिमीटर भरलं. त्रिज्या आली सुमारे साडेआठ मीटर. तुम्ही मागून घेतलेला बोर्ड १२ मीटरचा असेल, तर कोसाइन ०.७१, म्हणजे झुकाव ४५ अंश. वरच्या संबंधात हे घातलं की वेग निघतो ताशी ३३ किलोमीटर.

याच वेगाला ५५ अंश झुकायचं असेल, तर तुमची त्रिज्या सव्वादहा ते साडेदहा मीटर. बनवणाऱ्याला हा आकडा कळवा, आणि सोबत खाचेचं मापही. अनुभवी कारागीर त्यावरून तुम्हाला दोन प्रश्न जास्त विचारेल, आणि कदाचित अकरावर आणून ठेवेल, कारण पुढच्या मोसमात तुम्ही थोडे वेगवान झालेले असाल हे त्याने धरलेलं असतं.