मुक्तविश्व खेळांतील आशयघनता

ज्या व्हिडिओ खेळात खेळाडूला एका सलग, विस्तीर्ण प्रदेशात मर्जीप्रमाणे हिंडता येते आणि पुढे काय करायचे याचा क्रम बऱ्याच अंशी त्यालाच ठरवता येतो, त्याला मुक्तविश्व खेळ म्हणतात; मराठी खेळाडूंच्या तोंडी ‘ओपन वर्ल्ड’ हाच शब्द आहे. अशा प्रदेशाच्या विस्ताराच्या व देखणेपणाच्या मानाने तेथे करण्याजोगे काय आणि किती आहे, या प्रमाणाला आशयघनता म्हणता येईल. ‘मॅप मोठा, ग्राफिक्स सुंदर, पण करायला काही नाही’ या नेहमीच्या तक्रारीत दोन निरनिराळे दोष मिसळलेले असतात. एक म्हणजे कृतींची टंचाई. दुसरा म्हणजे कृतींची रेलचेल असूनही त्यांतून काहीच न घडणे. पहिल्या दोषाची चर्चा अधिक झाली असली, तरी साधारणपणे २००७ नंतरच्या मोठ्या खेळांना दुसराच अधिक लागू पडतो.

‘करण्याजोगे’ कशाला म्हणावे यावर अभ्यासकांचे एकमत नाही. खेळरचनाकार सिड मायर यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या सूत्रानुसार खेळ म्हणजे रंजक निर्णयांची मालिका होय. हे सूत्र काटेकोरपणे लावले, तर टेकडीवर घोडा थांबवून सूर्यास्त पाहणे खेळात मोडत नाही; पण मुक्तविश्व खेळांच्या चाहत्यांना पुष्कळदा नेमके तेच हवे असते. रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये बहुखेळाडू संगणकीय विश्वांतील खेळाडूंचे चार प्रकार सांगितले. त्यांतील ‘शोधक’ या प्रकाराला नवी जागा व नवा नियम सापडणे हेच बक्षीस वाटते. केटी सेलन व एरिक झिमरमन यांनी २००३ च्या सुमारास अर्थपूर्ण क्रीडेच्या दोन अटी मांडल्या : कृतीचा परिणाम खेळाडूला कळून आला पाहिजे, आणि तो खेळाच्या पुढील ओघात मुरला पाहिजे. प्रस्तुत विषयापुरती हीच कसोटी अधिक उपयुक्त ठरते, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन कृतींतील फरक ती दाखवून देते. २००१ च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ मध्ये शहरभर शंभर पुडकी दडवलेली आहेत आणि दर दहा पुडक्यांमागे खेळाडूच्या अड्ड्यावर एक नवे शस्त्र किंवा चिलखत येऊन पडते. २००७ च्या ‘असॅसिन्स क्रीड’ मध्ये ४२० झेंडे विखुरलेले आहेत. ते सगळे गोळा केले तरी खेळात काहीही बदलत नाही, आणि प्लेस्टेशन ३ वरील आवृत्तीत तर कौतुकाची ट्रॉफीही मिळत नाही. वाकून उचलण्याची क्रिया दोन्हीकडे एकच आहे.

उगम : पहिला मुक्तविश्व खेळ कोणता, हा वाद ‘मुक्त’ या शब्दाच्या व्याख्येपाशी येऊन अडतो. विल क्राउदर यांनी केंटकीमधील मॅमथ केव्ह गुहाप्रणालीच्या आपल्या माहितीवरून रचलेला, केवळ मजकुरावर चालणारा ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ हा खेळ सामान्यतः १९७५–७६ चा मानला जातो. डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये त्याचा विस्तार केला. भटकण्याची मोकळीक त्यात असली, तरी ते सुट्या दालनांचे जाळे आहे, सलग प्रदेश नव्हे. रिचर्ड गॅरियट यांच्या १९८१ च्या ‘अल्टिमा’ मध्ये प्रथमदर्शनी पटेल असा भूप्रदेश आहे, म्हणून भूमिका-खेळांचे (‘रोल-प्लेइंग’ खेळांचे) इतिहासकार अग्रमान त्याला देतात. जपानी खेळांचे अभ्यासक १९८४ च्या ‘हायड्लाइड’कडे व विशेषतः १९८६ च्या ‘द लीजंड ऑफ झेल्डा’कडे बोट दाखवतात. क्योतोजवळच्या सोनोबे येथे लहानपणी केलेल्या भटकंतीचा या खेळाशी असलेला संबंध त्याचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी स्वतः सांगितला आहे. पहिल्याच गुहेत मिळणारी तलवार न घेताही त्यात पुढे जाता येते, ही बाब त्याच्या मोकळेपणाचा पुरावा म्हणून नेहमी सांगितली जाते.

तथापि आशयघनतेच्या दृष्टीने डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल यांचा १९८४ चा ‘एलिट’ हा अंतराळ-व्यापाराचा खेळ अधिक महत्त्वाचा आहे आणि पहिलेपणाचा त्याचा दावाही इतरांपेक्षा कमकुवत नाही. बीबीसी मायक्रो या ३२ किलोबाइट स्मृतीच्या संगणकात हजारो ग्रहांची माहिती साठवणे अशक्य असल्याने, तीन १६-बिट संख्यांच्या बीजापासून दर वेळी तीच ती आकाशगंगा गणिताने नव्याने निर्माण करण्याची युक्ती या दोघांनी वापरली. या युक्तीने २ चा ४८ वा घात, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी आकाशगंगा काढता आल्या असत्या. परंतु प्रकाशकाने त्या आठवर आणण्याचा आग्रह धरला. प्रत्येकीत २५६ ग्रह, एवढेच विश्व अखेर बाजारात आले. इतक्या आकाशगंगा दाखवल्या, तर त्यांतील एकसुरीपणा व त्यामागचा गणिती बनाव उघडा पडेल, अशी भीती त्याला होती. ही भीती रास्त होती, हे पुढील चार दशकांनी वारंवार दाखवून दिले आहे. ‘एलिट’ मधील ग्रहांना नाव, एका ओळीचे वर्णन व भावांची यादी यांपलीकडे फारसे काही नाही. पण शेतीप्रधान ग्रहावर स्वस्त मिळणारे धान्य औद्योगिक ग्रहावर महाग विकले जाते, त्या नफ्यातून यानाला चांगले शस्त्र बसवता येते, आणि निषिद्ध माल नेला तर पोलीस मागे लागतात. काळ्या पडद्यावरच्या रेघांनी काढलेल्या त्या विश्वात प्रत्येक फेरीचा हिशेब पुढच्या फेरीत उतरतो. सौंदर्य आणि आशय यांचा एकमेकांशी अपरिहार्य संबंध नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण नंतर क्वचितच मिळते.

त्रिमिती शहरांकडे वळण्याआधी यू सुझुकी यांच्या ‘शेनम्यू’चा (१९९९) उल्लेख आवश्यक आहे. योकोसुकातील एका वस्तीत घड्याळ व हवामान चालू ठेवून, घरातील खण एकेक करून उघडता येतील अशी सोय त्यात होती. बहुतेक खणांत उपयोगाचे काहीच नसे. काहींना हा वेळेचा अपव्यय वाटतो, तर काहींच्या मते घर खरे वाटण्याचे कारण हेच. मुक्तविश्व हा प्रकार सर्वदूर पोहोचला तो मात्र दोन वर्षांनी आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ मुळे. महाराष्ट्रातील सायबर कॅफेंत त्याच मालिकेतील ‘व्हाइस सिटी’ (२००२) वर वाढलेल्या पिढीपैकी पुष्कळांनी मिशन बाजूला ठेवून चीट कोड टाकत नुसती गाडीच फिरवली, हे येथे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे. कारण आशयाची टंचाई ठरवताना खेळाडू स्वतः काय निर्माण करतो, हे मोजमापात येत नाही.

विस्तार व हस्तनिर्मिती : बेथेस्डा या कंपनीच्या ‘डॅगरफॉल’ (१९९६) या खेळातील प्रदेशाची तुलना थेट ग्रेट ब्रिटनशी केली जाई आणि त्यातील स्थळे १५,००० हून अधिक होती, पण ती बहुतांशी यंत्राने रचलेली असल्यामुळे दोन गावांतला फरक नावापुरता उरला. त्याच मालिकेतील ‘मोरोविंड’ (२००२) साठी कंपनीने उलट मार्ग धरला आणि कितीतरी पटींनी लहान असे एक बेट हाताने घडवले. त्यात नकाशावर बाण नव्हता. ‘ओढा ओलांडून डावीकडच्या वाटेने जा’ असे गावकऱ्याने सांगितलेले ऐकून, डायरीत वाचून वाट शोधावी लागे. त्यामुळे दगड, पूल, फाटा यांना अर्थ होता. ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) मध्ये होकायंत्रावर खूण आली आणि शहरांदरम्यान एका क्लिकमध्ये पोहोचण्याची सोय झाली. तेव्हापासून निसर्गचित्रण जसजसे सुधारत गेले तसतशी त्याच्याकडे पाहण्याची गरज कमी होत गेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

यंत्रनिर्मितीचा मोह मात्र सुटला नाही. हेलो गेम्स या छोट्या ब्रिटिश संस्थेच्या ‘नो मॅन्स स्काय’ (ऑगस्ट २०१६) मध्ये ग्रहांची संख्या २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ पुढे अठरा शून्ये मांडावीत एवढी होती. पहिले काही ग्रह पाहताना वाटणारे नवल खनिजे खणणे, इंधन भरणे, पुढे उडणे या चक्रात लवकर विरते, अशी टीका झाली. पुढे त्याच वर्षी तळ बांधण्याची व २०१८ मध्ये इतरांसोबत खेळण्याची पुरेशी सोय आल्यावर खेळाविषयीचे मत पालटले. ग्रह तेवढेच राहिले; बदलली ती त्यांच्यावर काही उभे करून ठेवण्याची शक्यता. हजाराहून अधिक ग्रह असलेल्या ‘स्टारफील्ड’ (२०२३) वर वेगवेगळ्या ग्रहांवर तीच ती ओसाड ठाणी सापडत असल्याचा आक्षेप आला. ‘एलिट’च्या प्रकाशकाची भीती हीच होती.

चिन्हांनी भरलेला नकाशा : ‘असॅसिन्स क्रीड’ मधील दमास्कस, एकर व जेरुसलेम ही शहरे त्या काळी डोळे दिपवणारी होती. खेळ जवळपास पूर्ण झाल्यावर ‘यात करायला काही नाही’ असे कंपनीप्रमुखांच्या मुलाने म्हटल्यामुळे जोडकामे शेवटच्या काही दिवसांत घाईने घालण्यात आली, अशी हकिगत निर्मितीत सहभागी असलेल्या एकाने बऱ्याच वर्षांनी सांगितली. ती एकाच बाजूने आलेली असल्याने जपून घ्यावी, पण झेंड्यांचे स्वरूप पाहता अगदीच अविश्वसनीय वाटत नाही. उंच मनोऱ्यावर चढले की आसपासचा नकाशा उघडतो व त्यावर कामांची चिन्हे उमटतात, ही या खेळाने रूढ केलेली रीत ‘फार क्राय ३’ (२०१२) मधील रेडिओ मनोऱ्यांपर्यंत आणि पुढे कितीतरी खेळांपर्यंत गेली. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ (२०१४) मधील पॅरिसचा नकाशा चिन्हांच्या दाटीत झाकून गेला. अशा रचनेत टंचाई नसते, उलट यादी असते. आणि यादी पुरी करण्याची सवय लागली की खेळाडू रस्त्याकडे न पाहता कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाकडे पाहून चालतो.

‘द विचर ३’ (२०१५) चे उदाहरण या दृष्टीने बोधक आहे, कारण एकाच खेळात दोन्ही टोके सापडतात. त्यातील काही जोडकथा मुख्य कथेच्या तोडीच्या मानल्या जातात व त्यांचे निर्णय पुढे गावांच्या नशिबात दिसतात. त्याच खेळात स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात प्रश्नचिन्हांची रांग लागली आहे, आणि बहुतेकांखाली चोरट्या व्यापाऱ्यांच्या पेट्या तरंगतात. तेरावी पेटी उघडणाऱ्याला बाराव्या पेटीत काय होते, हे आठवत नाही. ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ (२०२०) मध्ये नकाशावरील बाणाऐवजी वारा दिशा दाखवतो, ही कल्पना नामी. कोल्ह्यामागे धावत इनारी या जपानी देवतेच्या देवळीपर्यंत पोहोचणेही प्रथम मोहक वाटते, मात्र अशा देवळ्या ४९ आहेत. याच खेळात इतरत्र १२७४ सालचा सामुराई बसून हायकू रचतो. हायकू हा प्रकार त्यानंतर काही शतकांनी आकाराला आला.

याच्या नेमकी उलट स्थिती ‘माफिया २’ (२०१०) व ‘एल. ए. न्वार’ (२०११) यांची. पहिल्यात १९४५ चा बर्फाच्छादित हिवाळा व १९५० नंतरची झळाळती मोटारयुगीन नगरी, दुसऱ्यात जुन्या हवाई छायाचित्रांच्या आधारे उभे केलेले १९४७ चे लॉस अँजेलिस. दोन्ही ठिकाणी शहर मुख्यतः कथेच्या दोन प्रसंगांमधला रस्ता आहे. समीक्षकांनी यांना रिकामे म्हटले. परंतु हे खेळ मुक्तविश्वाचे वेष्टन असलेले सरळरेषी, म्हणजे ठरलेल्या क्रमानेच पुढे जाणारे, खेळ आहेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते; शहर मोकळे दिसल्यामुळे न दिलेल्या वचनाची पूर्तता खेळाडू मागू लागतो.

रिकामेपणा हेतुपुरस्सर असू शकतो, याचे प्रमाण फुमितो उएदा यांच्या ‘शॅडो ऑफ द कलॉसस’ (२००५) मध्ये मिळते. त्या ओसाड प्रदेशात सोळा महाकाय प्राण्यांखेरीज एकही शत्रू नाही. सरडे व फळे सोडली तर उचलण्यासारखे काही नाही. दोन लढतींमधील लांब, मुकी घोडदौड त्या प्राण्यांना मारल्याच्या अपराधाची जाणीव दाट करते, म्हणून ती अर्थपूर्ण ठरते. तरीही कुठेतरी सतरावा महाकाय दडला असेल, या आशेने चाहते वर्षानुवर्षे त्या कडेकपाऱ्या धुंडाळत राहिले. २०१८ च्या नव्या आवृत्तीत तेथे ७९ सोन्याची नाणी ठेवून त्यांबदल्यात एक तलवार देण्यात आली. शोधकांना ही दाद होती, हे खरे. पण मूळची निःशब्दता त्यामुळे किंचित का होईना उणावली.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) ने या प्रश्नाला दिलेले उत्तर सर्वाधिक अभ्यासले गेले आहे. हिदेमारो फुजिबायाशी यांच्या दिग्दर्शनाखाली आधी नियम घडवले गेले : आग गवताला लागते, तापलेल्या हवेवर तरंगता येते, धातू विजेला ओढतो, तोडलेले झाड ओंडका होऊन ओढ्यावर पूल बनते. अंतरांचा अंदाज घेण्यासाठी क्योतो शहराचा नकाशा वापरला गेला. टेकड्या त्रिकोणी आकारात अशा मांडल्या, की चढावे की वळसा घालावा हे ठरवावे लागते, आणि वळताच मागे दडलेले काही दृष्टीस पडते. मनोरे येथेही आहेत, पण ते नकाशावर चिन्हे ओतत नाहीत. वरून पाहून खुणा खेळाडूनेच लावायच्या. कोरोक नावाच्या वनदेवतांची ९०० बीजे दडवलेली असून थैली पूर्ण वाढवायला ४४१ पुरतात. उरलेली बीजे वाया गेली असे नव्हे, तर कोणत्याही वाटेने गेलेल्याला पुरेशी मिळावीत अशी ती पेरणी आहे. सर्व ९०० जमवणाऱ्याला विष्ठेच्या आकाराची एक सोनेरी वस्तू मिळते, यावरून यादी पुरी करण्याविषयी निर्मात्यांचे मत स्पष्ट व्हावे. ‘एल्डन रिंग’ (२०२२) ने कामांची यादीच ठेवली नाही. मात्र त्यातील भूमिगत थडग्यांची व शत्रूंची पुनरावृत्ती उत्तरार्धात जाणवते.

भारतीय भूमीवर आधारलेली उदाहरणे थोडी आहेत. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ (२०२०) हा खेळ सरळरेषी आहे. ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ (२०१७) या एरवी सरळ जाणाऱ्या अमेरिकन खेळातील ‘वेस्टर्न घाट्स’ हे प्रकरण मात्र मोकळ्या पटांगणासारखे आहे. जीप घेऊन धबधबे, चिखल व पडके किल्ले यांतून वाटेल त्या क्रमाने जाता येते. होयसळांची राजधानी हळेबीडू प्रत्यक्षात घाटाच्या पूर्वेला पठारावर असल्याने तेथील भूगोल कल्पित समजावा. वाटेवरची अकरा होयसळ नाणी ऐच्छिक आहेत. ती सर्व मिळवल्यास राणीचे माणकाचे कडे हाती येते, आणि जवळपास एखादा लपलेला ऐवज असला की ते सूचना देते.